ओट्यावरचा फ्रिज

वस्ती, यवत
३ मे, दुपारी सव्वातीन

प्रगती,

फ्रिज दारात अडकला आहे. अर्धा घरात, अर्धा ओट्यावर. हा कागद त्याच्याच डोक्यावर ठेवून लिहितो आहे, त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा सरळ आलं आहे.

घटनाक्रम असा. दोन वाजून दहा मिनिटांनी मी, चुलतभाऊ शंभू, शंभूचा मेव्हणा आणि टँकरवाला गोकुळ अशा चौघांनी फ्रिज उचलला. दोन पंधराला तो चौकटीत शिरला. दोन सोळाला थांबला. तेव्हापासून पुढं जात नाही, मागं येत नाही. आम्ही चौघे बाहेर आहोत. तुझी मामी आत आहे. मागच्या दाराला गव्हाची पोती लावलेली आहेत, ती एकटीला हलत नाहीत. आबा मधल्या खोलीत बाजेवर आहेत. त्यांनी दोनदा विचारलं, "आलं का जनावर आत?"

तुझ्या अहवालात लिहिलं आहे की फ्रिज ओट्यावर पश्चिमेला आहे, दुपारी एक ते सहा त्यावर ऊन असतं, तो घरात घ्यावा, दिवसाला पाऊण युनिट वाचेल. कुरकुंभला कंपनीत मी बावीस वर्षं बॉयलरवर आहे. लेखी सूचना आली की आधी पाळायची आणि मग शंका काढायची, ही तिथली सवय. आता शंका काढतो. त्या रविवारी तू खिडक्या मोजल्यास, पत्रा मोजलास, भिंतीची जाडी मोजलीस. दार मोजलं होतंस का?

आठ वर्षांपूर्वी फ्रिज घेतला तेव्हाही तो दारातून गेला नव्हता, आणि म्हणूनच ओट्यावर राहिला. हे मला दोन सोळाला आठवलं. मामीला सकाळपासून आठवत होतं. मी म्हणालो, "मग बोलली का न्हाईस?" ती आतून म्हणाली, "कागदावर साहेबिणीची सही हाय. माझी कुठं हाय?"

चहा तिनं फ्रिजवरून दिला. बशी मावली नाही.

फ्रिजमधलं सामान ओल्या पोत्याखाली ठेवलं आहे. कुशाबाईचं साखरेचं इंजेक्शन तांब्यात घालून माठात सोडलं आहे. घरमालकाशी सगळा व्यवहार लेखी आणि तारखेसह हवा, असं तुझे सर म्हणतात, म्हणून फोन केला नाही. गोकुळ दुधाचा टँकर घेऊन पाचला शिरूरला निघेल. पुढं काय करायचं ते लेखी कळव.

तुझा मामा,
म्हाळू


शिरूर
४ मे

मामा,

दार मोजलं नव्हतं. दाराखालची फट मोजली होती, बावीस मिलिमीटर. फॉर्ममध्ये फटीचा रकाना आहे, रुंदीचा नाही. तुमचं उत्तर फाईलला लागणार आहे, तेव्हा त्यात या ओळीचा उल्लेख करू नका.

फ्रिजचं दार काढा. वर दोन आणि खाली दोन स्क्रू आहेत. दार निघालं की तीन बोटं जागा होईल आणि मामी बाहेर येतील. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण आत्ता नको, बाहेर आल्यावर.

तुम्हाला घाई करते आहे त्याचं कारण एकदा स्पष्ट लिहिते. आमच्या कोर्सला पाच घरं तपासायची असतात. चार झाली. पाचव्या घरी नुसता अहवाल चालत नाही. घरमालकानं एक तरी सुधारणा प्रत्यक्ष करायची, वीजवापर दहा टक्क्यांनी कमी यायला हवा, आणि सर स्वतः येऊन बघणार. तुमच्या घराची सरासरी दिवसाला पाच युनिट आहे. ती साडेचारच्या आत आली पाहिजे. सर २५ तारखेला सकाळी येतील. त्या दिवशी सही झाली तर मी घरगुती ऊर्जा तपासनीस. नाही झाली तर पुढची बॅच दिवाळीनंतर, आणि तोवर मी परत रांजणगावला पॅकिंगच्या लाईनवर. सुपरवायझरनं माझी जागा अजून भरलेली नाही. दर सोमवारी मला तसा मेसेज करतो. त्या लाईनवर मी तीन वर्षं खोक्यांना टेप लावली आहे. अजूनही कुणी टेप फाडली की माझा उजवा हात हलतो.

रोज सकाळी सहाला मीटर बघा आणि आकडा लिहून ठेवा.

तुमची,
प्रगती


वस्ती, यवत
१० मे

प्रगती,

फ्रिज आत गेला. मामी बाहेर आली. चौकटीचा एक कोपरा निघाला, तो या कामात धरत नाही.

रीडिंग खालीलप्रमाणे. ५ तारखेला तीन पूर्णांक एक. ६ ला दोन. ७ ला एक पूर्णांक दोन. ८ ला शून्य पूर्णांक आठ. काल अर्धं युनिट.

तू दहा टक्के मागितले होतेस. आम्ही नव्वद दिले आहेत. आपल्या घराची परीक्षा आहे हे वस्तीवर सगळ्यांना सांगितलं आहे, त्यामुळं कुणी मध्ये येत नाही. जेवण उजेडातच उरकतो. माझा आणि मामीचा, दोन्ही फोन बंद करून कपाटात ठेवले आहेत, चार्जिंगला वीज लागते. पाणी मोटारीनं चढवत नाही, शंभू आणि मी कळशीनं आणतो. आबांचा पंखा आबांनीच बंद करायला सांगितला, नातीचं काम आहे म्हणाले. मी भिंतीवरच्या घड्याळातला सेलही काढला होता. त्याचा मीटरशी संबंध नाही असं शंभू म्हणतो, पण कंपनीत मी खात्री केल्याशिवाय काही सोडत नाही.

पंचवीस तारखेपर्यंत शून्यावर येण्याचा प्रयत्न आहे.

म्हाळूमामा


शिरूर
१२ मे

मामा,

तुमची रीडिंग सरांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग विचारलं, "या घरात माणसं राहतात का?"

मी हो म्हणाले. ते म्हणाले की मग तीनच शक्यता उरतात. मीटर बंद आहे, घर बंद आहे, किंवा घरमालक खोटं लिहितो. या तिन्ही फॉर्मवर छापलेल्या आहेत आणि एकीपुढं खूण करावी लागते. मी अजून केलेली नाही.

मामा, परीक्षा माझी आहे, घराची नाही. तुम्ही जसे राहत होता तसेच राहायचं आहे. दिवे लावा. मोटार लावा. आबांचा पंखा आजच्या आज चालू करा, नाहीतर मी चौफुल्यावरून गाडी बदलत तिथं येईन, आणि आले तर इथला उद्याचा पेपर बुडेल. राहणं तेच आणि वीज कमी, असं मोजायचं असतं. राहणंच कमी केलं तर मोजायला काही उरत नाही.

तुमचा फोन बंद आहे हे आत्ता कळलं. मी चौदा वेळा लावला होता.

एका प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही असं लिहा. फ्रिज चालू आहे का?

प्रगती


वस्ती, यवत
१४ मे

प्रगती,

नाही.

तुझ्या मामानं या एका शब्दासाठी कालपासून कागद पुढं घेतला होता. आज शेवटी कागद तसाच ठेवून ड्युटीवर गेला, म्हणून मी लिहिते. मी सातवी झालेली आहे, हे त्याच्या लक्षात नसतं.

फ्रिज आत आणला त्याच दिवशी बंद केला. आधी मामा म्हणाला, दोन दिवस विसावू दे. मग म्हणाला, त्यात आहेच काय. ते खरं होतं. त्यात काही उरलं नव्हतं, कारण कुणी काही ठेवायलाच आलं नाही.

तुझा अहवाल मामानं ओट्यावर खिळ्याला अडकवला आहे. येणारा जाणारा वाचतो. मीही वाचला. "दिवसभरात दार ६१ वेळा उघडले गेले. कारण: घरमालकिणीची बेफिकिरी." तू दिवसभर स्टुलावर बसून वहीत रेघा ओढत होतीस तेव्हा मला वाटलं, पोरगी काहीतरी हिशोब करते. मी तुला दोनदा ताक दिलं. त्या दोन रेघाही त्यातच असतील.

आता त्या ६१ मध्ये कोण कोण होतं ते ऐक. धुरपदा शेळ्यांच्या लसी-औषधासाठी येते. कुशाबाई तिच्या इंजेक्शनसाठी सकाळ-संध्याकाळ. जाईबाईची गाय व्यालेली, तिचा चीक. धनश्रीचा डबा. शिवाय अकरा घरांच्या पाण्याच्या बाटल्या. बाटल्या ओळखू याव्यात म्हणून आम्ही त्यांना मेंढरांसारख्या खुणा केल्या आहेत. धुरपदाची गेरूची, जाईबाईची हिरवी, कुशाबाईच्या बाटलीला काळी लोकर. वस्तीत फ्रिज हा एकच आहे. माझ्याकडं माणूस येतं ते त्याच्यासाठी, आणि आलं की बसतं. मी कुणाकडं जात नाही, मला वेळ नसतो.

तुझ्या कागदावर फ्रिज आत न्यायचा लिहिलं आहे. आत म्हणजे स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर आबांची बाज. भावकीतल्या सुना आबांसमोरून जात नाहीत. धनश्री स्कूटीवरून कुरकुंभला कंपनीत जाते, तिथं चाळीस माणसांवर सुपरवायझर आहे, पण आबांसमोरून तीही जात नाही. परवा उंबऱ्यापर्यंत आली, आबा खोकले, ती डबा घेऊन परत गेली. कुशाबाईचं इंजेक्शन आता यवतला औषधाच्या दुकानात ठेवलं आहे. साठीची बाई रोज दोनदा तिथवर जाते.

मला दहा दिवसांत कुणी विचारलं नाही की गीताबाई, जेवलीस का.

मी फ्रिज बाहेर काढणार आहे. तू नापास झालीस तर कारणाच्या रकान्यात माझंच नाव घाल, तिथं आधीच आहे.

मामी


शिरूर
१५ मे

मामी,

तुमचं पत्र फाईलला लावलं नाही. ते माझ्याजवळ ठेवलं आहे.

मी दार उघडल्याचं मोजलं. कुणी आणि कशासाठी उघडलं ते विचारलं नाही. त्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं आणि मला तोच शब्द आला, कारण वर्गात फळ्यावर तोच लिहिला होता. तो कागद खिळ्यावरून काढा. मी दुसरा पाठवते. ताकाच्या दोन रेघा त्यात होत्या. त्या वजा करते.

फ्रिज बाहेरच ठेवा. तुम्ही लिहिलंत म्हणून नाही, म्हणजे त्यासाठीही, पण मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "फ्रिजला घर नको असतं. सावली पाहिजे, आणि पाठीमागं वारा." मग हे त्यांनी आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही.

मामांना सांगा की पश्चिमेच्या अंगाला आडोसा करायचा आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढायचा. एवढंच. रविवारपर्यंत झालं तर सात दिवसांची रीडिंग मिळतील. सगळ्यांना परत बोलवा. अकरा बाटल्या हव्यात. राहणं पहिल्यासारखं नसेल तर सर ते धरणार नाहीत.

आणि तुम्ही जेवलात का?

प्रगती


वस्ती, यवत
१९ मे

प्रगती,

फ्रिज रविवारी सकाळी बाहेर काढला. या वेळी आधी दार मोजलं. चौकटीचा दुसरा कोपराही निघाला, आता दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

आडोशाचं काम मी, शंभू आणि गोकुळनं घेतलं. तुरकाठ्यांचा कूड, वर उसाचं पाचट. आम्ही तो ओट्याला चिकटवून सरळ उभा करत होतो. आतून आबांचा आवाज आला, "कुणीकडं लावताय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "शाना झालायस. सावली तुला पाहिजे का भित्तीला?"

मग ते बाजेवरून उठले. दोन वर्षं ते मोरीपलीकडं गेलेले नाहीत, हे तुला माहीत आहे. भिंतीला धरत ओट्यावर आले, पायरीवर बसले आणि उन्हाकडं बघत राहिले. मेंढरं होती तेव्हा कोकणात उतरताना रोज नवीन जागी पाल मारायचं, कोकरांवर तिसऱ्या प्रहरी ऊन येता कामा नये. ते काम त्यांचं असायचं. त्यांनी कूड दोन हात पुढं घ्यायला लावला, तिरपा करायला लावला, वर वीतभर फट ठेवली. मी म्हणालो, कागदावर फटीचं काही नाही. ते म्हणाले, "कागदाला घाम येतो का?"

दुपारी तीन वाजता कंपनीच्या थर्मामीटरनं मोजलं. कुडाबाहेर चव्वेचाळीस, फ्रिजपाशी छत्तीस. कालचं रीडिंग चार पूर्णांक तीन. पंखा, मोटार, दिवे, सगळं नेहमीसारखं चालू. म्हणजे तू पास आहेस.

एकच गोष्ट आहे. लिहू की नको ठरत नव्हतं, मामी म्हणाली लिही. आबांना ती सावली आवडली. त्यांनी बाज बाहेर मागवली आणि फ्रिजशेजारी टाकून घेतली. उठायचं नाव घेत नाहीत. सकाळी धुरपदा अंगणातल्या लिंबाच्या झाडापर्यंत आली, आबांना पाहिलं आणि मागं फिरली. जाईबाई अर्ध्या वाटेतून. फ्रिजमध्ये सध्या आमचं ताक आणि एक लिंबू आहे.

म्हाळूमामा


शिरूर
२० मे

मामा,

चार पूर्णांक तीनला अर्थ नाही. बायका येत नाहीत म्हणून फ्रिज कमी चालतो, असंच सर म्हणतील, आणि ते खरं असेल. काल सुपरवायझरनं मंगळवारीच मेसेज केला. आता सोमवारची वाट बघत नाही. त्याला कुठून वास लागतो माहीत नाही.

पाच दिवसांसाठी आबांना आत न्या. पंचवीसला सर गेले की बाज परत बाहेर टाका. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, चौथ्यांदा तसंच ठेवलं आहे. दोन वर्षांनी बाहेर आलेल्या माणसाला आत जायला सांगायचं आणि त्याचं कारण फ्रिज लिहायचं, हे मला जमत नाही. तुम्ही सांगा. किंवा मामींना सांगायला सांगा. किंवा काही सांगू नका, आणि काय होतं ते कळवा.

प्रगती


वस्ती, यवत
२३ मे

प्रगती,

मामाला रात्रपाळी आहे, म्हणून पुन्हा मीच.

आबांना कुणी काही सांगितलं नाही. मामा सांगायला म्हणून दोनदा बाजेजवळ गेला आणि दोन्ही वेळा फ्रिजमधून ताक घेऊन आला.

बुधवारी दुपारी धुरपदाची शेळी आडवी झाली आणि तिला औषध पाहिजे होतं. ती लिंबाखाली आली, पदर पुढं ओढला, पाठ फिरवली. सासऱ्याशी बोलायची सोय नाही. मग तिथं माझी शेळी बांधलेली होती, तिच्याशी बोलली. "शेळे, आमचं औषध आत असंल तर कुणी देईल का गं?" शेळी पाला खात होती. आबा बाजेवरून म्हणाले, "शेळे, तिला म्हणावं, औषध तिनं नेलंय यवतला ठिवायला. ध्यानात न्हाई का?" धुरपदा शेळीला म्हणाली, "व्हय, इसरलेच." तिनं यवतला माणूस धाडला. शेळी आता बरी आहे. म्हणजे दोन्ही शेळ्या.

पण त्यानंतर सुरू झालं. दुसऱ्या दिवशी जाईबाई आली, तिनंही शेळीलाच सांगितलं. आबांनी फ्रिज उघडला. त्यांना वाचता येत नाही, पण खुणा त्यांच्याच आहेत, आयुष्यभर त्यांनी त्याच केल्या. एकदाही चूक झाली नाही. धनश्रीच्या डब्याला खूण नव्हती. त्यांनी शेळीकरवी तिला खडसावलं आणि डब्याला निळी लावायला लावली. चाळीस माणसांची सुपरवायझर, गुमान लावून आणली.

आता पद्धत अशी आहे. एकीसाठी ते उघडत नाहीत. म्हणतात, "शेळे, अजून दोघी येऊ देत." चारपाच जणी जमल्या की एकदाच उघडतात, बाटल्या पायरीवर मांडतात आणि दार लावून तोंड फिरवून बसतात. मग बायका येऊन आपापली उचलतात. कुशाबाईच्या इंजेक्शनाला मात्र थांबणं नाही, तेवढी सवलत आहे. मी तुझ्यासारख्या रेघा ओढल्या. काल दार १७ वेळा उघडलं. अकराच्या अकरा बाटल्या आहेत, जाईबाईचं दूध आहे, लस आहे. रीडिंग चार पूर्णांक एक.

थांबायचं म्हणून सगळ्या लिंबाखाली बसतात. माझ्या ओट्यावर कुणी नसतं. मी भाजी निवडायला तिकडंच जाते.

तुझ्या कागदावर कारणाचा रकाना आहे. १७ चं कारण काय लिहायचं ते तू बघ. बेफिकिरी लिहू नकोस.

मामी


फाईलमधील शेवटचं पान
२५ मे

सर आणि मी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी वस्तीवर पोचलो. सरांनी कूड पाहिला. फ्रिज आणि भिंत यांतलं अंतर पट्टीनं मोजलं, एकवीस सेंटिमीटर. मीटर पाहिलं आणि मामांच्या वहीशी ताडून घेतलं. बायका परत आल्यापासूनच्या चार दिवसांची सरासरी चार पूर्णांक दोन. लिंबाखाली सात बायका बसल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडं पाहून विचारलं, कार्यक्रम आहे का. मामी म्हणाल्या, नाही.

मग सरांनी फ्रिजचं दार उघडलं, आत थर्मामीटर ठेवला आणि आकडा स्थिर होण्याची वाट बघत दार धरून उभे राहिले. कोर्समध्ये आम्हाला तीन मिनिटं शिकवली आहेत.

"पाव्हणं," आबा बाजेवरून म्हणाले, "दार लावा."

सर म्हणाले, एक मिनिट.

"भाईर बसून वाट बघा की. त्या बघत्यात."

सरांनी दार लावलं. पायरीवर बसले. फॉर्म मांडीवर घेतला आणि दार कमी वेळा उघडण्याचं कारण मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रकान्यात "आबा" एवढंच लिहिलं आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी सही केली.